सत्त्याऐंशी अंशांवर

पुस्तक लिहिणारा माणूस समुद्रकाठी राहत असावा.
तो म्हणतो, पाणी शंभराला उकळतं.
आमच्या पुनोत, एवढ्या उंचीवरच्या तळ्याकाठी,
पारा सत्त्याऐंशीपाशी येतो
आणि अडलेल्या गाढवासारखा उभा राहतो,
मग खाली कितीही आच लावा.

एउदोसिया बाईंनी पहिल्याच तासाला
तो आकडा खोडायला लावला.
पेन्सिलीनं नाही, म्हणाल्या, शाईनं.
तुमच्या गावचं पाणी खोटं बोलत नसतं.

धूर ओढणारा पंखा मार्चपासून बंद आहे.
खिडकी उघडी ठेवतो, तर तळ्यावरचा वारा
गाळणकागद उडवतो, ज्योत वाकवतो,
आणि सेलेस्तिनो काका दारात उभे राहून
फ्लास्क मोजतात, लेकरं मोजावीत तसे.

आजचा प्रयोग: कडू बटाट्यातलं विष वेगळं करा.
बटाटे घरून आणायचे होते.
मी दोन आणले. एक ओला, जांभळट, मातीसकट.
दुसरा आईनं केलेला तुंता:
खडूसारखा पांढरा, खडूसारखा हलका,
टेबलावर आपटला तर टक्क वाजणारा.
जूनच्या रात्री तो गोठला होता,
मग पोत्यात बांधून नदीत बुडवलेला,
मग पुन्हा गोठवून, पायांनी तुडवून, वाळवलेला.
नदी कडूपणा घेऊन जाते, आई म्हणते.
कुठे नेते, ते तिला ठाऊक नाही.

दोन्ही किसले. व्हिनेगरच्या आम्लात भिजवले.
गाळलं. थेंब थेंब अमोनिया.
रुफिनोचे डोळे चुरचुरले, त्यानं शिवी दिली आयमारात,
बाईंनी ऐकली, हसल्या नाहीत.
तळाशी गढूळसं काही बसलं,
दुधाच्या भांड्यात तळाला राहतं, एवढंच.

मग केशनलिकेनं दोन ठिपके,
काचेची पट्टी बरणीत उभी,
आणि द्रव आपोआप वर चढत गेला,
भिंतीत ओल चढावी तसा, घाई न करता.
आम्ही भाकरीबद्दल बोललो. फुटबॉलबद्दल.

आयोडीनच्या वाफेत पट्टी धरली.
ओल्या बटाट्याचा डाग उमटला, तपकिरी, ठसठशीत.
तुंत्याच्या रेघेवर काही यायला नको होतं.
आलं.
फिकट. चहाचा थेंब पुसल्यावर राहतो, तेवढं.

आयोडीनचे डाग टिकत नाहीत,
म्हणून भोवती पेन्सिलीनं गोल काढायचा असतो.
मी काढला. हात जरा हलला.
रुफिनोनं 'कारण' या रकान्यात लिहून टाकलं:
केशनलिका नीट धुतली नव्हती.

मी धुतली होती. तीनदा.

एवढ्यानं कोणी मरत नाही, बाई म्हणाल्या.
जिभेलाही कळणार नाही.
पोतं नदीत किती दिवस होतं?

दरवर्षी वीस दिवस असतं.
माझ्या पाकिटात प्रयोगशाळेच्या फीची पावती आहे,
तारीख दोन जुलै.
पोतं बुडवलं त्या सकाळी मी घरी होते,
बर्फ फोडायला. वीस जून.
इलावेचा बाजार रविवारी भरतो.
वजाबाकी मला येते.

डाग विरत गेला, गोल राहिला.
मी रुफिनोची ओळ खोडली. शाईनं.
तिच्या जागी काही लिहिलं नाही.
बाईंनी वहीवर सही केली,
रिकाम्या रकान्यावर क्षणभर बोट ठेवलं, पान उलटलं.

उरलेला तुकडा खिशात होता.
बाहेर पडल्यावर तोंडात धरून चालले.
बंदरापर्यंत तो भिजलाच नाही.

रात्री फोन केला. विचारलं,
यंदा पोतं किती दिवस ठेवलंस?
नेहमीइतकेच, आई म्हणाली.
मग थोडं थांबून:
तिथे पाणी तापवायला गॅस मिळतो ना?