ओळीमागे दर

गुरुवारचा पेपर आता अडीच डॉलरला.
पहिल्या पानावर पाणीपट्टी, नगरसभेत पाच विरुद्ध दोन;
आत आइस रिंकचं गळकं छत, हरवलेलं एक मांजर
आणि लोण्याच्या भावावर कुणाचं तरी रागीट पत्र.

ओरेस्ट ह्रिंकिव काउंटरपाशी उभा,
बुटांवरचा बर्फ वितळून चटईत मुरतोय.
निधनवार्तेचा दर वाढलाय, मुलगी सांगते,
ओळीमागे चार डॉलर. फोटोचे वेगळे.
सांगताना वर बघत नाही.

तो पेन्सिल मागतो.
‘प्रेमळ’ खोडतो. ते सगळेच लिहितात.
‘दीर्घ आजारानंतर’ खोडतो. गावाला ठाऊक आहे.
कर्लिंगचे कप जातात, चर्चमधलं गाणं जातं,
सस्काटूनची बहीण आडनावाशिवाय उरते.

बिटाच्या लोणच्यापाशी पेन्सिल अडते.
एकवीस बरण्या अजून तळघरात,
झाकणांवर तिच्या तिरक्या अक्षरात साल.

बाहेर धान्यकोठारामागून
मालगाडी जात राहते, डब्यामागे डबा,
कुणी मोजत नाही.

‘लोणचं राहू दे,’ तो म्हणतो,
आणि स्वतःचं नाव खोडतो.