अकरा वाजून दहा मिनिटं

डॉक्टर पेश्कोवांनी कोरा कागद पुढे सरकवला:
एक घड्याळ काढा.
काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर.
बाबांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली
आणि विचारलं,
"दिवसाचे की रात्रीचे?"

डॉक्टर हसल्या. मी नाही हसले.
आमच्या घरात हा प्रश्न
मिठाइतका रोजचा होता.

तेप्लित्सेच्या काच कारखान्यात एकतीस वर्षं.
दोन सकाळी, दोन दुपारी, दोन रात्री,
दोन सुट्ट्या, की पुन्हा पहिल्यापासून.
भट्टीला झोप चालत नाही.
ती विझली तर काच आतच थिजते,
म्हणून माणसं आळीपाळीने जागायची
आणि वितळलेल्या कथलावरून
काच वाहत राहायची, अखंड, सपाट,
कुणाच्या तरी खिडकीकडे.

आमच्या खिडकीला मात्र
आईने लष्करी घोंगडी ठोकली होती, अकरा खिळ्यांनी.
दारावरच्या घंटेला लोकरीचा मोजा.
मी आणि राडिम भांडायचोसुद्धा कुजबुजत;
एकमेकांना चावायचो, पण ओरडायचो नाही.
भिंतीपलीकडे बाबा झोपेची वाट बघत पडलेले,
आणि खाली अंगणात व्हर्बोवाबाई
नेमक्या दहाला गालिचा बडवायला काढायच्या.

झोप यायची, पण उष्टी.
चार तास, कधी साडेतीन,
साय न धरलेल्या दुधासारखी.
रविवारी सूपमध्ये चमचा तसाच राहायचा, मान खाली.
आम्हाला वाटायचं, बाबा रागावलेत.

पंधराएक वर्षांनी एकदा भट्टी निववतात.
आतल्या विटा झिजलेल्या असतात,
एकेक काढून नव्या बसवतात.
मी सातवीत होते. पहिल्याच रात्री
बाबा एकोणीस तास झोपले.
आईने दोनदा नाकापुढे आरसा धरून पाहिला.
उठले आणि त्यांनी एक लांबलचक विनोद सांगितला,
कोंबडीचा आणि स्टेशनमास्तरचा,
शेवटापर्यंत, एकही नाव न अडखळता.
बाबांना विनोद येतात हे मला तेव्हा कळलं.
तीन महिने ते आमच्याकडे राहिले.
मग भट्टी पेटली.

डॉक्टर सांगतात, गाढ झोपेत
मेंदू आपली भांडी घासतो म्हणे,
दिवसभराचं खरकटं वाहून जातं.
मग एकतीस वर्षांचं? मी विचारते.
बाई सावध आहेत.
शक्यता आहे, म्हणतात,
पण तुमच्या बाबांबद्दल खात्रीने नाही सांगता येणार.
वय आहे, रक्तदाब आहे, सिगारेटी होत्या.
त्यांचं बरोबरच आहे.
मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसते.

हल्ली ते पहाटे पावणेचारला बूट घालून
पलंगाच्या कडेवर बसलेले असतात.
मांडीवर डबा. डब्यात कधी पाव,
एकदा टीव्हीचा रिमोट.
आई जवळ जाऊन बसते.
"आज बदली आलाय रे, ओतकार.
यारोमिर उभा आहे तुझ्या जागी."
यारोमिरला जाऊन सहा वर्षं झाली.
"त्याला सांग," बाबा म्हणतात,
"तिसऱ्या बर्नरकडे लक्ष ठेव,"
आणि बूट काढतात.
एकच.

कागदावर शेवटी त्यांनी
तीन वर्तुळं काढली, एकमेकांना चिकटून.
पहिल्यात आकडे होते, दुसऱ्यात नुसते काटे.
तिसरं त्यांनी पेन्सिल आडवी धरून
काळं भरायला घेतलं,
हळूहळू, कडेपर्यंत,
कुठे फट राहिली तर
उजेड आत येईल अशा काळजीने.

डॉक्टरांनी कागदासाठी हात पुढे केला.
मी म्हटलं, थांबा.
होऊ द्या त्यांचं.