दोन खाटा, एक छत्री

दोन खाटा, एक छत्री, दहा युरो.
पैसे नंतर दिलेत तरी चालेल,
पळून कुठे जाल, बस चार वाजता आहे.

देऊळ विचारताय ना? सगळेच विचारतात.
पाइनच्या सावलीतून त्या टोकापर्यंत जा,
पायात काहीतरी घाला, दगड तापलेला असतो.
देऊळ नाही तिथे.
देवळं जिथून गेली ती जागा आहे.

आख्खी टेकडी होती म्हणे, पांढरीशुभ्र.
बोटी लागायच्या, दगड चढायचा.
कापत कापत थेट लाटांपर्यंत आणली,
आणखी बोटभर खाली गेले असते
तर समुद्र आत आला असता.
आलाच मग, ते गेल्यावर.
आता त्या चौकोनी खाचांत पाणी साचतं,
ऑगस्टात आटतं,
मी चमच्याने मीठ खरवडून आणते.
तुमच्या टोमॅटोवर तेच घातलंय.

टाकीचे घाव इथे,
देवपण परगावी.
कुठल्या कुठल्या शहरांत आमचे खांब उभे आहेत,
लोक तिकीट काढून बघतात.
माझा स्त्रातिस श्टुटगार्टला न्हाणीघरांत फरशी बसवतो.
पेटीवर छापलेलं असतं: थासोस.
पेटीचा फोटो पाठवतो,
स्वतःचा नाही.

एक खांब मात्र इथेच पडलाय, पाण्याच्या कडेला,
गोल झालेला, जवळजवळ तयार.
शेवटच्या दिवशी आत तडा निघाला असेल.
हात लावून बघा, करंगळी जाते.
वडील पलीकडच्या खाणीत होते, तीस वर्षं.
दगडावर बोटाने ठोकायचे, कान लावायचे.
निकोप दगड वाजतो, म्हणायचे,
तडकलेला खोकतो.

त्या खांबावरूनच आम्ही पोहायला शिकलो,
म्हणजे कुणीतरी मागून ढकलायचं.
एल्पिनिकी, माझी बहीण, माशासारखी गेली.
मी घसरले. तेव्हापासून कंबर ही अशी.
पुढे कवाल्याला मेलबर्नच्या कागदांसाठी डॉक्टर आला,
आम्हा दोघींना ओळीत उभं केलं.
त्याने माझ्या कंबरेवर बोटं ठोकली,
जरा थांबला,
कागदावर फुली मारली.

वाजले नसेन.

असो. छत्री थोडी तिरकी करा,
दुपारी वारा वळतो.
बुडाशी दगड आहे, घाबरू नका, हलणार नाही.
त्याला भोक वडिलांनी पाडलंय,
एवढ्याशा भोकाला आख्खा रविवार लावला होता,
आई जेवायला हाका मारून थकली.

आणि त्या खांबावर बसलात तर मधोमध बसा.
कडेला शेवाळ आहे.