बांधावरला

कौतिकबाईंना हात वर करा म्हटलं
तर त्या खांदाच कानाशी नेतात.
हात राहतो कुशीला चिकटून,
कडेवरून न उतरणाऱ्या पोरासारखा.
"आठेलोंग येस," त्या म्हणतात,
"मंग कोन तरी दाबी धरस."

पारोळ्यात औषधाच्या दुकानावर माझी एक खोली.
छताला कप्पी, तिच्यात दोरी, कोपऱ्यात वाळूच्या पिशव्या,
आणि प्लास्टिकचा खांदा, त्याची एक खिट्टी हरवलेली.
तो हातात घेऊन मी सांगते:
हे फऱ्याचं हाड. याच्या पाठीवर हा आडवा बांध.
बांधाच्या वरच्या अंगाला ही अरुंद घळ,
तिच्यात जेमतेम दोन बोटं रुंदीचा एक स्नायू निजलेला,
नाव सुप्रास्पायनेटस.

"बांधवरला म्हन ना."

म्हणजे नावाचा अर्थच तो.
पाच वर्षं घोकलं, कधी मराठीत पाहिलं नव्हतं.

तर हा बांधावरला
हाडाच्या वळचणीखालून वाकून बाहेर येतो
आणि दंडाच्या गोळ्याला माथ्यावर धरतो.
खांद्याची खोबण खोल नसते, बशीच म्हणा,
बशीत ठेवलेलं लिंबू.
सदऱ्यातून फुगलेला दिसतो तो वरचा, डेल्टॉइड.
त्याला एकट्याला जुंपलं
तर लिंबू उचलून वळचणीवर आपटेल.
बांधावरला ते बशीत दाबून ठेवतो,
बाकीचे तिघे पुढून मागून आवळतात,
तेव्हा कुठे हात अंगापासून सुटतो.
पहिले पंधरा अंश ह्याचे, पुढचे त्याचे,
असं सरांनी फळ्यावर लिहिलं होतं.
मागाहून वाचलं, तसं नसतं,
दोघेही आरंभापासून लागतात.
तरी ते पंधरा अंश माझ्या मनातून जात नाहीत.

त्यांचा हात मी समोर तिरका धरते,
डबा उपडा केल्यासारखा, अंगठा जमिनीकडे.
वरून दोनच बोटं टेकवते.
हात पडतो.
त्या हाताकडे बघत राहतात, माझ्याकडे नाही.

अडतीस वर्षं मांडे.
लग्नाघरचे, डोहाळजेवणाचे, अखाजीचे.
कणीक इतकी सैल की लाटणं चालत नाही,
या हातावरून त्या हातावर, कोपरापर्यंत,
पुरणासकट झुलवत वाढवायची
आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडायची.
दोन्ही हात छातीच्या उंचीला, तासन्‌तास.
नेमकं तिथेच वळचण चिमटा घेते.

धुळ्याहून फोटो आला. मी म्हटलं, अर्धवट फाटलाय.
त्यांनी लगेच विचारलं,
"कडले फाटना का मझारमा?"
हा प्रश्न मला कुठल्या सर्जननेही असा विचारला नव्हता.
कडेला, मी म्हटलं, हाडाला चिकटतो तिथं,
रक्त कमी पोचतं त्या जागी.
"मंग कडना शे. कडना सांधाई जास."

सहा आठवडे खापर बंद.
टेबलाला डावा हात टेकून वाका,
उजवा सोडून द्या, विहिरीतल्या दोरासारखा,
तुम्ही हलवू नका, त्याला हलू द्या.
त्या वाकतात. बांगड्या मनगटावर घसरतात.

अखाजीला बोलावणं आलं.
त्या पाटावर बसून, सून नंदाताई चुलीपाशी,
आणि मला म्हणे, एक तरी कर.
मी हात पुढे केले. गार, ओली, जड कणीक.
तिसऱ्या झोक्याला खांद्याच्या आत, वळचणीखाली,
काहीतरी बारीक जळू लागलं.
माझाच बांधावरला.
इतकी वर्षं मी प्लास्टिकचा दाखवत होते.

मांडा मधोमध फाटला.
पुरण खापरावर, करपल्याचा वास, घरभर धूर,
नंदाताई पदर तोंडाला लावून हसतेय
आणि कौतिकबाई ओरडत धूर वारतायत,
उजव्याच हातानं.

कोनमापक खोलीवर राहिला होता.
मी काही बोलले नाही, बोलले असते तर हात खाली आला असता.

"जयेल शे तरी खाय," त्या म्हणाल्या.
खाल्लं.