रकाना : इतर

आदिस अबाबात मेक्सिको नावाचा चौक आहे.
तिथं मी बसते, प्लास्टिकच्या स्टुलावर,
गळ्यात ओळखपत्र, मुठीत लिंबाएवढं यंत्र.
वरच्या फलाटावरून माणूस उतरला की टक्.
मग तो पुढं गेला कशानं, ते कागदावर :
मिनीबस. मोठी बस. पायी. इतर.

पुलावर हिरवी-पांढरी रेल्वे, दोन डब्यांची, तारेखालून येणारी.
खाली निळ्या-पांढऱ्या मिनीबशी, दारं सताड उघडी.
मध्ये बेचाळीस पायऱ्या,
भाजलेले जव मापानं विकणारी बाई,
बूटपॉलिशवाली दोन पोरं,
आणि एक उघडं गटार, त्यावर कुणीतरी टाकलेली फळी.
नकाशात या सगळ्याच्या जागी
एक पांढरं वर्तुळ आहे, नाण्याहून लहान.
साहेब, अतो दाग्नाचेव, त्याला जोडस्थानक म्हणतात.
फळी कुणी टाकली, मी विचारलं एकदा.
म्हणाले, कुठली फळी?

कागदावर छापलंय : सकाळी सात ते आठ.
आमचं घड्याळ उजाडल्यावर मोजायला लागतं,
सातला आम्ही एक म्हणतो.
पहिल्या दिवशी मी एक लिहिलं
आणि सगळी गर्दी
साहेबांच्या संगणकात मध्यरात्रीनंतर उतरली.

वुबशेत दाराला लटकून ओरडतो,
सारबेत सारबेत सारबेत,
इतकं भरभर की मधली अक्षरं रस्त्यावर सांडतात.
त्याच्या गाडीत खिडकीजवळची एक जागा
रोज अतो गब्रेयेसांची.
त्यांना दिसत नाही.
तीस वर्षं टेलिफोनच्या एक्स्चेंजात बसून
ते या गावाला त्या गावाशी बोलायला लावायचे.

मंगळवारी वीज गेली. रेल्वे कुठंतरी तारेखाली गप्प उभी.
मिनीबस भरलेली, एक जागा सोडून.
ड्रायव्हर हॉर्नवर कोपर टेकून बसला.
मांडीवर कोंबडी घेतलेली बाई म्हणाली,
एका माणसासाठी इतक्यांचा खोळंबा?
वुबशेत म्हणाला, माणूस कसला, टायर बसलाय.
उतरला, टायरला लाथ मारली,
वाकून पाहिलं, च्च् च्च् केलं,
पुन्हा लाथ मारली.
कान मात्र वर, पुलाकडं.

मग रूळ गुणगुणले.
काठीचा आवाज पायरी पायरी खाली आला, चाळीस, एकेचाळीस,
एका पोरानं ब्रश टाकला, काळ्या बोटांनी म्हाताऱ्याचं कोपर धरलं,
फळीवरून नेलं, दारात वुबशेतच्या हाती दिलं.
लाइन मिळाली, म्हणाले अतो गब्रेयेस,
आणि टायर लगेच बरा झाला.

मी टक् केलं. मिनीबशीखाली एक रेघ ओढली.
पण माझी पेन्सिल उचलेना.
'इतर'मध्ये लिहिलं :
पोरगा एक. फळी एक. टायर एक, धडधाकट.

दुसऱ्या दिवशी कागद परत, लाल शाईत :
येथे फक्त आकडे भरावेत.

बरं. आकडे.

शुक्रवारी वुबशेत आला नाही.
त्याच्या जागी कुणी नवखा, घशानं तयार, नजरेनं घाईत.
पॉलिशची पोरंही पोलिसांनी हाकललेली,
डबी तेवढी कठड्याखाली राहिलेली.
काठी शेवटच्या पायरीवर थांबली.
सारबेत? त्यांनी हवेला विचारलं.
हवेत वीस जणांचं सारबेत होतं.

मी यंत्र स्टुलावर ठेवलं.
फळी माझ्या वजनानं जरा वाकते, हे मला त्या दिवशी कळलं.
नवख्याला म्हटलं, थांब,
तो म्हणाला, का थांबू,
आणि मला काहीच न सुचून
मी त्याच्या टायरला लाथ मारली.

त्या सकाळच्या तक्त्यात चार मिनिटं कोरी आहेत.
अहवालात ती आली आहेत, आलेखासकट :
एक वाजून बारा ते एक वाजून सोळा
मेक्सिको चौकात
कुणीही उतरलं नाही.