पोत्यामागं

गणपती पेठेत, बापगोंडा मगदूमांच्या अडतीत
टेबलाखाली एक सर्व्हर असायचा.
महापुरानं तो नेला नाही, जागेवरच ठेवला
गाळ भरून. उघडला तेव्हा
पंख्याच्या पात्यांवर हळद बसलेली, घट्ट.

"आता सर्व्हर नकोच," मी म्हणाले.
"मग चालणार कशावर?"
"क्लाउडवर. म्हणजे ढगात."
ते हसले. मग हसायचे थांबले.
"पोरी, ढगानंच तर बुडवलं."

मला नीट सांगता येईना.
यंत्र असतंच कुणाचं तरी, कुठंतरी, आपण ते सांभाळायचं नाही.
आपण फक्त एक लहानसं काम लिहून ठेवायचं:
हाक आली की ऊठ, एवढं कर, झोप.
पैसे जागं राहण्याचे नाहीत, उठल्याचे.
दाराशी म्हाळू हमाल तंबाखू मळत होता.
"म्हंजी माझ्यावानीच की," तो म्हणाला,
"पोत्यामागं."

दोन दिवस पडद्यावर
परवानगी नाही, परवानगी नाही.
कुणी कुठली वही उघडायची
हे मी ठरवलंच नव्हतं.
तिसऱ्या दिवशी जमलं.
आयर्विन पुलावरून पाण्याचा आकडा आला
की ते उठतं, वाचतं,
तीस फुटांपुढं असेल
तर पेठेतल्या सत्तावीस फोनांना एकच वाक्य:
माल माडीवर घ्या.
पहिल्या हाकेला जरा उशीर होतो.
म्हाळूलाही होतो, डोक्याला टॉवेल गुंडाळेपर्यंत.

एक मात्र खुपलं.
काम संपलं की त्याला काही आठवत नाही,
मागचा आकडा नाही, मागची रात्र नाही.
लक्षात ठेवायचं ते वेगळ्या कीर्दीत मांडून ठेवावं लागतं.
हे सांगताना मगदूम भिंतीकडं बघत होते.
तिथं पाण्याची रेघ आहे, माझ्या खांद्याच्या वर,
रंग काढताना तीनही वेळा
त्यांनी ती झाकू दिली नाही.

महिनाअखेर बिल आलं. शून्य.
त्यांनी ते छापून मागितलं, उलटून पाहिलं.
"फुकट राबणाऱ्याचा भरवसा नसतो,"
म्हणून दहाची नोट
गल्ल्यात वेगळी ठेवली, ढगाच्या नावानं.

काल रात्री दोन चाळीसला ते उठलं.
अठरा फूट चार इंच.
कळवण्यासारखं काही नव्हतं.
झोपलं.
मी विश्रामबागेत, गॅलरीत,
फोन उजळताना बघत होते,
जागी,
बिनपगारी.