तळहात

शुक्रवारी पहाटे पाचला
सोहारच्या आवारातल्या हॉलचं कुलूप मी उघडतो.
किल्ल्या सतरा. तिसरी नेहमी अडकते.
सहाला मल्याळी मंडळी, आठला फिलिपिनो,
साडेदहाला आफ्रिकेची माणसं,
आणि दुपारी, सगळ्यांच्या अत्तरांचा वास निवल्यावर,
आम्ही अकरा मराठी. त्यातले दोघे रिफायनरीच्या पाळीमुळे
कायम गैरहजर.

आफ्रिकेची मंडळी माझ्याकडे तशीच आली.
घानाचे पाळक व्हिसा संपून निघाले
तेव्हा जाता जाता माझ्या हातात रजिस्टर देऊन म्हणाले,
ब्रदर त्रिभुवन, दोनच महिने.
याला आता सहा वर्षं झाली.

आई शेवगावात बायकांना सांगते,
आमचा शांतवन मिशनरी आहे परदेशात.
तिच्या डोळ्यांपुढे नदी, होडी,
झाडाखाली गोळा झालेली पोरं.
मी तिला सांगत नाही, की या भिंतीबाहेर
सुवार्तेचा एक शब्द काढायची मुभा नाही मला,
की आठवड्याचे पाच दिवस मी मिनीबस चालवतो,
पासपोर्टच्या झेरॉक्स काढतो,
मोडक्या अरबीत कुणाच्या तरी मालकाकडे
तीन महिन्यांचा थकलेला पगार मागतो
आणि "बुकरा, इन्शाल्ला" ऐकून फोन ठेवतो.
मिशन म्हणजे बरंचसं रांगेत उभं राहणं.

प्रवचन इंग्रजीत. माझं इंग्रजी शेवगावचं.
चुकलो की न्याम्बुरा जास्त जोरात आमेन म्हणते.

खरं तर चेहऱ्यांनी मी त्यांना ओळखत नव्हतो.
प्रभुभोजनाच्या वेळी माना खाली असतात सगळ्यांच्या,
माझीही.
समोर येतात ते फक्त तळहात, एकावर एक ठेवलेले.
न्याम्बुराचे ब्लीचने सोललेले,
टिगिस्टच्या मनगटाशी इस्त्रीचा त्रिकोणी डाग,
वेल्डर चिसोमोचे ठिणग्यांच्या ठिपक्यांचे, तीळ सांडल्यासारखे.
आणि ओकेलो. उजव्या हाताला अंगठा नाही,
म्हणून डावा वर ठेवायचा
आणि दर वेळी पुटपुटायचा, सॉरी, पास्टर.
घे रे बाबा, म्हणायचो. मराठीतच.
त्याला कळायचं.

एका मंगळवारी इस्पितळातून फोन आला.
लेबर कॅम्पच्या रस्त्यावर टँकर. जवळ कागद नाहीत,
खिशात फक्त आमच्या उपासनेची घडी घातलेली पत्रिका.
(तिच्यावर गीताचा क्रमांक चुकला होता. माझीच चूक.)
तुमचा माणूस आहे का, बघून जा.

शवागारात खलफान नावाचा कारकून.
त्यानं डोक्याकडून चादर सरकवली.
मी बघत राहिलो.
सहा वर्षं, आणि तो चेहरा
मला खात्रीनं सांगता येईना.
खलफान थांबला. घड्याळाकडे बघितलं नाही त्यानं.
मग मी म्हणालो, हात दाखवा.

उजवा. अंगठ्याच्या जागी जुना, गुळगुळीत वण.
हो, आमचाच.

सही केली. नात्याच्या रकान्यापाशी अडलो.
रिकामा ठेवू नका, तो म्हणाला, कागद परत येतात.
माझ्या हातातलं पेन घेऊन
त्यानंच अरबीत लिहिलं: भाऊ.

पेटी एकोणीस दिवसांनी एन्टेबेला गेली,
तिथून गुलूच्या रस्त्याला.
बहिणीनं फोनवर विचारलं, शेवटी कसा दिसत होता?
शांत, म्हणालो.
खरं की खोटं, ठाऊक नाही. मी हाताकडेच बघत होतो.

पुढच्या शुक्रवारी भाकर मोडली
आणि मान वर केली.
रांग अडली. चिसोमोला वाटलं, आपलंच काही चुकलं.
त्याची एक भुवई अर्धीच आहे.
न्याम्बुराच्या डाव्या डोळ्यात तांबूस ठिपका.
टिगिस्ट माझ्या आईहून थकलेली आणि वय चोवीस.
एकेकाला नाव विचारत गेलो,
पूर्ण नाव, घरी हाक मारतात ते.
भाकर हातात तशीच धरून ते सांगत गेले.

उपासना पाऊण तास लांबली.
बाहेर उन्हात आमची मराठी मंडळी तिष्ठत,
गाडीत डबे तापलेले.
दार उघडताच म्हस्के मनगट पुढे करून म्हणाले,
काय चाललंय आत, पाळकसाहेब?

हजेरी, म्हणालो.